सिगार मुरते, धूर मुरत नाही

क्युबाची राजधानी हवाना येथे दरवर्षी सिगारचा महोत्सव भरतो. जगभरातले व्यापारी आणि शौकीन तिथे जमतात. शेवटच्या रात्री मेजवानी होते आणि मेजवानीत लिलाव पुकारला जातो. लिलावात असतात निवडक सिगारने भरलेल्या, कारागिरांनी घडवलेल्या लाकडी पेट्या. २०२३ साली अशा मोजक्या पेट्यांमधून १ कोटी १० लाख युरोंहून अधिक रक्कम जमा झाली. प्रथेप्रमाणे ही रक्कम क्युबाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला दिली जाते. तंबाखू विकून रुग्णालये चालवायची, यातली विसंगती कुणाच्याही ध्यानात येईल. त्या दालनातल्या शौकिनांना मात्र ती खुपत नाही. त्यांच्या लेखी सिगार ही विडी-सिगारेटच्या पंगतीत बसणारी वस्तू नव्हेच. ती जुन्या वाइनच्या, जपून ठेवलेल्या अत्तराच्या पंगतीतली. निवडायची, जपायची, वर्षानुवर्षे मुरवायची आणि मग एखाद्या संध्याकाळी सावकाश पेटवायची.

हा छंद आता मुंबई, पुणे आणि गोव्यातही दिसतो. मोठ्या हॉटेलांतले सिगार लाउंज, विमानतळावरची करमुक्त दुकाने, परदेशातून येणाऱ्या मित्राला दिलेली यादी, घरातल्या कपाटातली देवदारासारख्या वासाची छोटी पेटी अशी त्याची खूण. छंदी माणूस अभ्यासू असतो. पान कुठल्या खोऱ्यातले, पेटी कोणत्या महिन्यातली, आतली आर्द्रता किती, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. तब्येतीचा विषय निघाला की चार गोष्टी ठरलेल्या सांगितल्या जातात. ही शुद्ध तंबाखू आहे, यात रसायने नाहीत. मुरलेली सिगार सौम्य असते. धूर छातीत घेतच नाही. आणि रोज कुठे ओढतो? या चारही दाव्यांत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ते तपासून पाहण्यासारखे आहेत. त्यासाठी आधी हा छंद नीट समजून घ्यायला हवा.

तीन पानांचा खेळ

सिगार मराठी माणसाला अपरिचित नाही. जुन्या मराठीतला चिरूट तो हाच. हा शब्द तमिळमधल्या 'सुरुट्टु'वरून, म्हणजे गुंडाळण्याच्या क्रियेवरून आला आणि इंग्रजीतही गेला. त्रिचनापल्लीचे चिरूट एके काळी विलायतेपर्यंत प्रसिद्ध होते. शेरलॉक होम्स राखेवरून तंबाखू ओळखतो, त्यात त्रिचनापल्लीचा उल्लेख येतो तो यामुळेच.

आजच्या महागड्या सिगारची पद्धत मात्र क्युबाची. सिगारेटमध्ये बारीक कापलेली तंबाखू कागदात भरलेली असते. हाताने वळलेल्या सिगारमध्ये कागद नसतो, पानेच पाने असतात. आत फिलर म्हणजे भरणाची लांब पाने, त्यांना धरून ठेवणारे बाइंडरचे पान आणि सर्वांत बाहेर रॅपरचे देखणे, शिरा न दिसणारे पान. भरणातही प्रतवारी असते. झाडाच्या खालच्या भागातले पान पातळ असते, चव कमी पण जळते चांगले. मधले पान सुगंधासाठी. शेंड्याजवळचे पान ऊन जास्त खाते, म्हणून जाड, तेलकट आणि निकोटीनने भरलेले असते. ते हळू जळते, म्हणून वळणारा कारागीर ते बरोबर मधोमध ठेवतो. सिगार कडक की सौम्य हे ठरते या आतल्या मिश्रणावर. काळसर रॅपर म्हणजे कडक सिगार हा नवख्यांचा समज चुकीचा आहे. काळा रंग बहुधा त्या पानाच्या जास्त काळ, जास्त उष्णतेत झालेल्या आंबवणीतून येतो आणि अशी सिगार चवीला उलट गोडसरही लागते.

पश्चिम क्युबातल्या पिनार देल रिओ प्रांतातली तंबाखू जगात नावाजलेली. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी क्युबाशी व्यापारावर बंदी घातली. त्यांचे माध्यम सचिव पिअर सॅलिंजर यांनी पुढे सांगितले की, बंदीच्या आदल्या दिवशी केनेडींनी त्यांच्याकरवी स्वतःसाठी हजारांहून अधिक क्युबन सिगार मागवून घेतल्या होत्या. क्रांतीनंतर देश सोडलेले अनेक क्युबन तंबाखूवाले डोमिनिकन प्रजासत्ताक, होंडुरास आणि निकाराग्वामध्ये स्थिरावले. निकाराग्वातले एस्तेली आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातले सांतियागो ही आज या धंद्याची मोठी गावे आहेत. क्युबाची नाही म्हणून सिगार दुय्यम, असे आता जाणकार मानत नाहीत.

निवड आणि खरेदी

सिगारचा आकार दोन मापांनी सांगतात, लांबी आणि जाडी. जाडीचे एकक आहे इंचाचा चौसष्टावा भाग. ५० मापाची सिगार म्हणजे ५० चौसष्टांश इंच, सुमारे २० मिलिमीटर. 'रोबुस्तो' या लोकप्रिय आकाराची लांबी १२४ मिलिमीटर आणि जाडी ५० असते. ती ओढायला पाऊण ते एक तास लागतो. चर्चिल यांच्या नावाचा आकार १७८ मिलिमीटर लांब, तो दीड तासही चालतो. चवीच्या चर्चेत ही मापे पुन्हा पुन्हा येतात. आरोग्याच्या दृष्टीनेही ती महत्त्वाची आहेत, कारण माप वाढले की तंबाखू वाढते. सिगारेटमध्ये एक ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम. एखाद्या जाड सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते.

दुकानात जाणकार माणूस सिगार बोटांत धरून हलकेच दाबून पाहतो. ती सगळीकडे सारखी लवचिक लागली पाहिजे. मध्येच कडक गाठ लागली तर धूर ओढला जात नाही, पोकळ लागली तर ती भराभर आणि गरम जळते. रॅपरला चीर नसावी आणि टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे तर मुळीच नसावीत. क्युबन पेटीच्या तळाशी कारखान्याचा संकेत, पॅकिंगचा महिना आणि वर्ष छापलेले असते. मुरवणारे लोक जन्मतारीख पाहावी तशी ती पाहतात. नकली मालही उदंड आहे. पर्यटकांना हमखास विकली जाणारी काचेच्या झाकणाची 'कोहिबा' पेटी नकलीच असते.

किमतीमागे कथा असते. कोहिबा हा ब्रँड १९६६ मध्ये फिडेल कॅस्ट्रो आणि सरकारी पाहुण्यांसाठी सुरू झाला आणि १९८२ पासून बाजारात आला. त्यातली काही पाने दोन नव्हे, तीन वेळा आंबवली जातात. या कथेला गिऱ्हाईक पैसे मोजते. कथेचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९८५ मध्ये क्युबाने तंबाखूविरोधी मोहीम हाती घेतली तेव्हा खुद्द कॅस्ट्रोंनी सिगार सोडली.

पेटीतली हवा

सिगार मुरवणे म्हणजे ती नुसती ठेवून देणे नव्हे. कोरड्या हवेत पान तडकते, ओल्या हवेत बुरशी धरते. म्हणून ह्युमिडॉर नावाची पेटी लागते. तिच्यात सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के आणि तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवतात. पेटीच्या आतले लाकूड 'स्पॅनिश सीडर' म्हणून ओळखले जाते. हे झाड ना स्पेनचे ना देवदाराच्या जातीचे. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले, आपल्या कडुनिंबाच्या आणि महोगनीच्या कुळातले. त्याचे लाकूड ओलावा शोषते, सोडते आणि त्याला स्वतःचा सुगंध असतो.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते, तर विदर्भात मे महिन्याच्या दुपारी ती पार तळाला जाते. म्हणजे एकाच राज्यात एकाला पेटीतला ओलावा काढावा लागतो आणि दुसऱ्याला घालावा लागतो. आर्द्रतामापक खरे बोलतो का, हे तपासायची युक्ती स्वयंपाकघरात आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे होईल एवढे पाणी घालावे, मापकासह हवाबंद डब्यात ठेवावे आणि दिवसभराने आकडा पाहावा. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा साधारण ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल तर तो ५ ने मागे आहे. आर्द्रता राखणाऱ्या तयार पाकिटांचेही तत्त्व हेच.

उष्णतेची भीती वेगळ्याच कारणासाठी असते. हळद, तिखट, धने यांत होणारा तपकिरी बारीक किडा घरोघरी माहीत आहे. लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी हे त्याचे शास्त्रीय नाव आणि तंबाखू हे त्याचे आवडते खाद्य. त्याची अंडी पानात दडून येतात. पेटी उबदार झाली की ती उबतात आणि अळ्या सिगार पोखरत बाहेर पडतात. टाचणीची छिद्रे ती हीच. म्हणून कारखाने माल गोठवतात, आणि शौकीनही शंका आली की सिगार घट्ट पिशवीत घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवतात.

पानावर कधी पांढरी भुकटी दिसते. हे तेलाचे स्फटिक आहेत, सिगार उत्तम मुरल्याची खूण आहे, असे अभिमानाने सांगितले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र ती बहुतेक वेळा बुरशी निघते. लोणच्याच्या बरणीवर पांढरा थर आला तर घरातली बाई त्याला पक्वतेची खूण म्हणत नाही. तोच न्याय इथे लावावा.

मुरताना काय होते, काय होत नाही

आता पहिले दोन दावे घेऊ. रसायने नाहीत आणि मुरल्यावर सौम्य होते.

तंबाखूचे पान तोडल्यावर आधी वळचणीला टांगून सुकवतात. मग पानांच्या मोठ्या थप्प्या रचतात. ओलसर पानांची थप्पी आतून तापते, जसा शेणखताचा ढीग तापतो. ती ठरावीक उष्णतेच्या पुढे जाऊ नये म्हणून उलथीपालथी करत राहतात. या आंबवणीत पानातली प्रथिने आणि शर्करा मोडतात, अमोनिया उडून जातो, थोडे निकोटीनही कमी होते. नव्या वळलेल्या सिगारला अमोनियाचा उग्र दर्प असतो. काही आठवडे ते महिने ठेवल्यावर तो ओसरतो, सगळ्या पानांचा ओलावा सारखा होतो, वास एकमेकांत मिसळतात. पुढच्या काही वर्षांत मंद ऑक्सिडीकरणाने तुरटपणा कमी होतो आणि चव गोलाकार होते. शौकिनांचे निरीक्षण इथे खरे आहे. मुरलेली सिगार घशाला कमी खुपते.

पण घशाला कमी खुपणे म्हणजे पेशींना कमी अपाय होणे नव्हे. आंबवणीत आणखी एक गोष्ट घडते, तिचा उल्लेख माहितीपत्रकात नसतो. पानातल्या नायट्रेटपासून जिवाणू नायट्राइट तयार करतात. त्याचा निकोटीन आणि त्याच्या जवळच्या अल्कलॉइड्सशी संयोग होऊन तंबाखूतली खास नायट्रोसामाइन्स बनतात. त्यांतली एनएनएन आणि एनएनके ही दोन माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणारी म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकली आहेत. सिगारची तंबाखू सिगारेटच्या तंबाखूपेक्षा जास्त आंबवली जाते, त्यामुळे तिच्यात ही द्रव्येही जास्त असतात. म्हणजे ज्या प्रक्रियेने चव येते, त्याच प्रक्रियेतून विष येते. ते बाहेरून कुणी मिसळलेले नसते. पान शुद्ध असते, हे विष त्या शुद्ध पानाचेच. ते अमोनियासारखे उडून जात नाही. तंबाखू उष्ण जागी साठवली तर त्याचे प्रमाण वाढू शकते.

ही झाली पेटवण्याआधीची गोष्ट. धुरातली बाकीची विषे पानात नसतातच. जळत्या टोकाशी तापमान सातशे-आठशे अंशांच्या पुढे जाते आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, डांबरातली बहुचक्रीय द्रव्ये जन्माला येतात. जे अजून जन्मलेच नाही ते पेटीत दहा वर्षे ठेवून कमी कसे होणार? शिवाय सिगारचे वेष्टन पानाचे, सिगारेटच्या कागदाइतके ते सच्छिद्र नसते. त्यामुळे ज्वलन अपुरे होते आणि प्रत्येक ग्रॅम तंबाखूमागे डांबर सिगारेटपेक्षा जास्त निघते. काळ सिगारच्या चवीवर काम करतो. आगीवर त्याचा काही इलाज चालत नाही.

चुना न लावता चुन्याचे काम

तिसरा दावा धूर छातीत न घेण्याचा. बहुतेक सिगार ओढणारे धूर तोंडात फिरवून सोडतात, हे खरे आहे. त्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका रोज सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा त्यांना कमी असतो, हेही खरे. पण मग छातीत धूर न घेता सिगारची तलफ कशी भागते?

याचे उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही पानटपरीवर मिळेल. तळहातावर तंबाखू घेऊन तिला चुना लावून मळतात. चुना क्षारधर्मी असतो. क्षारधर्मी माध्यमात निकोटीन मोकळ्या रूपात येते आणि तोंडाच्या अस्तरातून सरळ रक्तात उतरते. चुन्याशिवाय तंबाखू 'लागत नाही' ती यामुळे. सिगारेटचा धूर बहुधा आम्लधर्मी असतो, म्हणून त्यातले निकोटीन तोंडात फारसे शोषले जात नाही, धूर छातीत ओढावा लागतो. सिगारच्या आंबवलेल्या पानाचा धूर क्षारधर्मी असतो. तो तोंडातच आपले काम करतो. चुना नाही, पण चुन्याचे काम झालेले असते.

एका सिगारेटमधल्या तंबाखूत सरासरी ८ मिलिग्रॅमच्या आसपास निकोटीन असते, त्यातले एक-दोन मिलिग्रॅम शरीरात जाते. अनेक सिगारमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम असते. ते सगळे शोषले जात नाही, तरी रिकाम्या पोटी कडक सिगार ओढणाऱ्या नवख्याला घाम फुटणे, मळमळणे, गरगरणे हे त्याचेच लक्षण. सिगार न पेटवता नुसती ओठांत धरून ठेवली तरी निकोटीन आणि नायट्रोसामाइन्स लाळेत उतरत राहतात.

म्हणजे धूर छातीत न घेतल्याने धोका नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते. जीभ, गाल, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र आणि लाळेबरोबर अन्ननलिका ही ती जागा. आधी सिगारेट ओढणारे आणि मग सिगारकडे वळलेले लोक तर जुन्या सवयीने धूर छातीतही घेतात. त्यांना दोन्हीकडचा धोका असतो.

टाळूबाबत भारताचा स्वतःचा पुरावा आहे. आंध्र प्रदेशच्या उत्तर किनाऱ्यावर चुट्टा नावाचा घरगुती चिरूट जळते टोक तोंडात धरून ओढण्याची जुनी पद्धत आहे, विशेषतः बायकांमध्ये. गोव्यातही धुमटी अशा तऱ्हेने ओढली जात असे. एरवी क्वचित दिसणारा टाळूचा कर्करोग आंध्रच्या त्या पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आढळला. लाउंजमधला शौकीन जळते टोक तोंडात घेत नाही, त्यामुळे त्याचा धोका तेवढा नाही. पण तंबाखूचा धूर तोंडाच्या ज्या भागावर येऊन आदळतो तिथेच आजार उगवतो, हा धडा दोघांना सारखाच लागू आहे.

रोज कुठे ओढतो?

चौथा दावा सर्वांत प्रामाणिक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातले निष्कर्ष असे की, रोज एक-दोन सिगार ओढणाऱ्यांना तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असतो. रोज तीन-चार ओढणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचा धोका आठ पटींहून जास्त होतो. मात्रा वाढली की धोका वाढतो, हे यातून स्पष्ट दिसते.

महागड्या सिगारचे बहुसंख्य गिऱ्हाईक रोज ओढत नाही. त्यांचे काय? अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०२२ मध्ये केवळ प्रीमियम सिगारवर अहवाल दिला. तो सांगतो की, हाताने वळलेल्या महाग सिगारच्या धुरातही इतर सिगारसारखीच घातक द्रव्ये असतात. नियमित ओढणाऱ्यांना धोका आहे. अधूनमधून ओढणाऱ्यांच्या धोक्याचे नेमके माप काढण्याएवढा पुरावा मात्र अजून जमलेला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या न्यायालयाने प्रीमियम सिगारना अन्न व औषध प्रशासनाच्या २०१६ च्या नियमांतून वगळले. सिगार निर्दोष ठरली, असा अर्थ काहींनी त्यातून काढला. न्यायालयाचा आक्षेप होता तो प्रशासनाने उपलब्ध माहितीचा नीट विचार केला नाही, यावर. सिगार सुरक्षित आहे, असे त्या निकालात कुठेही नाही.

महिन्यातून एक सिगार आणि रोज तीन सिगार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य करायला हवे. अडचण अशी की, छंदाची ओढ मात्रा वाढवण्याकडेच असते. पन्नास सिगारची पेटी भरलेली असली की महिन्याची एक आठवड्याची एक होते, मग पाहुणा आला म्हणून एक, पाऊस छान पडतोय म्हणून एक. निकोटीन सवय लावते आणि पेटी किती महाग आहे याचा त्यावर काही परिणाम होत नाही. शिवाय सिगार एकटी येत नाही, सोबत रम किंवा व्हिस्की येते. तंबाखू आणि दारू एकत्र आली की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त होतो. त्यात पूर्वीची सुपारी-गुटख्याची सवय असेल तर तोंडाचे अस्तर आधीच दुखावलेले असते. आणि घरात तासभर जळणाऱ्या सिगारचा धूर बायकामुलांच्याही नाकात जातो. त्यांनी हा छंद निवडलेला नसतो.

गप्पांत चर्चिल हमखास येतात. आयुष्यभर सिगार आणि वय ९०. पण रस्ता न बघता ओलांडून वाचलेल्या माणसावरून वाहतुकीचे नियम ठरत नाहीत. त्याच यादीत सिग्मंड फ्रॉइडही आहेत. दिवसाला वीस सिगारपर्यंत मजल गेलेल्या या डॉक्टरला १९२३ मध्ये टाळू आणि वरच्या जबड्याचा कर्करोग निघाला. पुढच्या १६ वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तोंड आणि नाक वेगळे ठेवायला कृत्रिम जबडा बसवावा लागला, बोलणे-खाणे अवघड झाले. तरी सिगार सुटली नाही. अमेरिकी यादवी युद्धात विजय मिळवणाऱ्या युलिसिस ग्रँट यांना लोकांनी कौतुकाने हजारो सिगार भेट पाठवल्या. १८८५ मध्ये ते घशाच्या कर्करोगाने गेले.

मापकाची नजर तोंडाकडे

सिगार ओढणाऱ्याने पूर्ण थांबावे, हा वैद्यकीय सल्ला सरळ आहे. हृदयविकार, दमा, पूर्वीचा तोंडाचा आजार किंवा घरात गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर त्यात वाटाघाटीला जागा नाही. जो आज थांबणार नाही, त्याने निदान आर्द्रतामापकाकडे जितक्या बारकाईने पाहतो तितक्या बारकाईने स्वतःच्या तोंडाकडे पाहावे.

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात, आरशासमोर, दातांची कवळी असेल तर काढून, पाच जागा पाहाव्यात. गालांची आतली बाजू, ओठांची आतली बाजू, जिभेच्या दोन्ही कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू. पुसून न जाणारा पांढरा चट्टा लक्षात ठेवावा. लाल, मखमली चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त काळजीचा. सिगार आणि पाइप ओढणाऱ्यांच्या टाळूवर कधी पांढुरका, खरबरीत थर येतो आणि त्यात लाल ठिपके दिसतात. ती लाळग्रंथींची सुजलेली तोंडे. हा बदल बहुधा साधा असतो आणि धूम्रपान थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, पण तो डॉक्टरांनी पाहिलेला बरा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तेवढेच दिवस बसलेला आवाज, गिळताना अडकणे, मानेत न दुखणारी गाठ, तोंड कमी उघडणे यांतले काहीही असेल तर दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला दुखत नाही आणि बरा होण्याची खरी संधी तेव्हाच असते.

सोडायचे ठरवले तर मदत आहे. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, आणि अनेक सरकारी रुग्णालयांत व दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे चालतात. तिथे समुपदेशन मिळते, गरज असेल तर औषधही. सिगारवाल्याने संकोच करण्याचे कारण नाही. विडी ओढणाऱ्याला आणि मशेरी लावणाऱ्याला जी मदत लागते, तीच त्यालाही लागते.

बरेच शौकीन एक वही ठेवतात. तिच्यात सिगारचे नाव, पेटीची तारीख, चव, गुण लिहिलेले असतात. त्या वहीत आणखी दोन रकाने आखावेत. या महिन्यात किती ओढल्या आणि तोंड कधी तपासले. वर्षभराने पहिल्या रकान्यातला आकडा वाढत गेलेला दिसला, तर पेटीची किल्ली दुसऱ्या कुणाकडे देण्याची वेळ आली आहे, असे समजावे.